तळटीपा ऐकणारा प्राध्यापक

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार आणि साकारमंत्रभेद. स्वाध्यायात ही नावे बहुधा एका दमात म्हटली जातात आणि वाचक पुढच्या सूत्राकडे वळतो. परंतु व्यापार-व्यवहार करणाऱ्या श्रावकाने यांतील चौथ्या नावापाशी, न्यासापहारापाशी, थोडे थांबावे असे ते आहे. एक मनुष्य एखाद्या पेढीवर हजार रुपये ठेव म्हणून ठेवतो. पुढे त्याला रकमेचा विसर पडतो आणि तो आठशेच रुपये मागतो. पेढीवाला 'बरोबर, तेवढेच होते' असे म्हणून आठशे मोजून देतो. आकडा ठेवीदारानेच सांगितला. पेढीवाल्याने केवळ मान डोलावली. तरीही टीकाकार आचार्यांनी हा सत्यव्रताचाच दोष मानला आहे. जे आपल्याला ठाऊक आहे आणि समोरच्याला ठाऊक नाही, त्या अंतरावर मिळवलेला तो लाभ आहे.

अतिचार आणि अनाचार यांतील भेदही येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. अनाचारात व्रताचा सरळ भंग असतो. अतिचारात व्रत बाहेरून शाबूत दिसते आणि आतून मलिन होते. 'मी खोटे बोललो नाही' असे म्हणण्याची सोय अतिचार करणाऱ्यापाशी सदैव असते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमधील एका लेखाशास्त्राच्या प्राध्यापकाने आपले सारे आयुष्य नेमक्या याच सोयीच्या मागे लागण्यात घालवले. त्यांचे नाव अब्राहम ब्रिलॉफ. ते ज्यू कुटुंबातले. जैन शास्त्राशी त्यांचा परिचय असण्याचे कारण नाही. परंतु मोठमोठ्या कंपन्यांच्या छापील हिशेबांत त्यांनी जे शोधले, त्याला आपल्या परंपरेतील एखादे नाव द्यायचे झाले तर कूटलेख आणि न्यासापहार या दोहोंच्या सीमेवरच ते शोधावे लागेल.

ब्रिलॉफ यांचा जन्म १९१७ साली रशियातून अमेरिकेत आलेल्या स्थलांतरित आईवडिलांच्या पोटी झाला. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात त्या काळी शिक्षण विनाशुल्क होते. गरीब आणि मध्यमवर्गीय घरांतील हुशार मुले तेथे गर्दी करीत. १९३७ साली, महामंदीची झळ अजून ओसरलेली नसताना, ते तेथून पदवीधर झाले. प्रथम त्यांनी शाळेत मुलांना जमाखर्च शिकवला, मग हिशेबनिसांच्या पेढीत काम केले आणि त्याच्या जोडीने सिटी कॉलेजात अध्यापनही सुरू केले. या कॉलेजची वाणिज्य शाखाच पुढे १९६८ साली बरूक कॉलेज या नावाने स्वतंत्र झाली आणि ब्रिलॉफ अखेरपर्यंत त्या संस्थेचे राहिले. व्यवसायात असताना अध्यापन करणारे पुष्कळ असतात. परंतु वर्गात जे शिकवतो तेच व्यवसायात खरोखर घडते काय, हा प्रश्न जन्मभर न सोडणारे थोडे.

डॉक्टरेटचा प्रबंध त्यांनी १९६५ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास न्यूयॉर्क विद्यापीठाला सादर केला. विषय वरकरणी रुक्ष होता: लेखापाल जे लिहितो ते वाचणाऱ्यापर्यंत पोहोचते काय? लेखापरीक्षकाच्या अहवालात एक ठरीव वाक्य असते. कंपनीचे हिशेब सर्वमान्य लेखातत्त्वांनुसार तिची आर्थिक स्थिती यथार्थपणे दाखवतात, असा त्याचा आशय. ब्रिलॉफ यांनी एका बाजूला लेखापालांना आणि दुसऱ्या बाजूला त्या अहवालावर विसंबणाऱ्या आर्थिक क्षेत्रातील मंडळींना विचारले, की या शब्दांतून तुम्ही काय समजता? दोन्हीकडून आलेली उत्तरे जुळत नव्हती. वाचणाऱ्याला 'यथार्थ' हा शब्द स्वतंत्र वाटत होता. हिशेब खरे चित्र दाखवतात, अशी कोणीतरी जाणकाराने दिलेली ही ग्वाही आहे, असे तो समजत होता. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र त्या शब्दाला एक शेपूट जोडलेले होते. यथार्थ, म्हणजे नियमांत बसेल इतपत यथार्थ. एकच वाक्य, दोन अर्थ, आणि मधल्या अंतरात सामान्य भागधारकाची पुंजी. हा प्रबंध १९६७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी 'द अकाउंटिंग रिव्ह्यू' या विद्वत्पत्रिकेत त्यांचा 'डर्टी पूलिंग' हा लेख आला. अमेरिकन बोलीत खेळात लबाडी करण्याला 'डर्टी पूल' म्हणतात, त्यावर केलेला हा श्लेष. एवढ्या गंभीर पत्रिकेला असे शीर्षक चालले, यावरून विषय किती तापलेला होता याची कल्पना यावी.

हा पूलिंगचा प्रकार काय होता, ते जरा सावकाशीने समजून घेतले पाहिजे, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे. समजा, एका मोठ्या कंपनीने दुसरी एक जुनी कंपनी विकत घेतली आणि मोबदला म्हणून स्वतःचे शंभर कोटींचे शेअर दिले. विकत घेतलेल्या कंपनीच्या वहीत तिची मालमत्ता फार जुन्या किमतीने, घसारा वजा जाता, वीस कोटींची लिहिलेली आहे. साध्या व्यवहारबुद्धीने पाहिले तर घेणाऱ्याने शंभर कोटी मोजले, म्हणून त्याच्या वहीत शंभर कोटींची खरेदी पडली पाहिजे. परंतु पूलिंग पद्धत म्हणत असे, की येथे खरेदी झालेलीच नाही; दोन कुटुंबे एकत्र राहू लागली, एवढेच. म्हणून दोन्ही वह्या जशाच्या तशा एकत्र शिवायच्या. नव्या वहीत आकडा पडणार वीस कोटींचाच.

आता पुढच्या वर्षी घेणाऱ्या कंपनीने त्या मालमत्तेचा काही भाग, वहीत चार कोटींना लिहिलेला, बाजारात वीस कोटींना विकला. सोळा कोटी नफा झाला, असे ती जाहीर करणार. वास्तविक त्या भागासाठी तिने वीस कोटींच्या किमतीचे शेअर दिलेले होते. नफा शून्य. जेवढे दिले तेवढेच परत आले. परंतु वीस कोटींची खरेदी वहीतून नाहीशी झाल्यामुळे सोळा कोटी कमाई म्हणून झळकले, त्या कमाईवर शेअरचा भाव चढला, आणि चढलेल्या भावाचे शेअर देऊन आणखी एक कंपनी घेता आली. साठीच्या दशकात अमेरिकेत असे अनेक धंदे पोटात घेणारे अजस्र उद्योगसमूह याच शिडीने वर गेले. ब्रिलॉफ यांनी दिलेल्या उदाहरणांत गल्फ अँड वेस्टर्न हा समूह होता. त्याने पॅरामाउंट ही चित्रपट कंपनी घेतली. जुन्या चित्रपटांची वहीतील किंमत कधीच झिजून गेलेली होती. दूरचित्रवाणीमुळे त्यांना पुन्हा मोल आले होते. ते मोल खरेदी करताना मोजले गेले, परंतु खर्च म्हणून वहीत आले नाही.

यात कोठेही खोटा कागद नव्हता. खोटी सही नव्हती. प्रत्येक आकडा नियमाप्रमाणे होता आणि नामांकित लेखापरीक्षकांनी तो तपासलेला होता. अतिचाराचे याहून नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही.

विद्वत्पत्रिकेतील लेख विद्वानच वाचतात. १९६८ साली 'बॅरन्स' या आर्थिक साप्ताहिकाने ब्रिलॉफ यांना आपल्या पानांवर आणले आणि तेव्हापासून ते गुंतवणूकदारांच्या घरी पोहोचले. त्यांची रीत एकच होती. कंपनीने स्वतः छापलेला वार्षिक अहवाल, भागधारकांना पाठवलेली पत्रके आणि शासनाच्या रोखे आयोगाकडे दाखल केलेली कागदपत्रे घ्यायची. अहवालाच्या आरंभीची रंगीत छायाचित्रे आणि अध्यक्षांचे आशावादी पत्र ओलांडून थेट मागच्या टीपांपाशी जायचे. एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी ताडून पाहायचा. जेथे दोन्ही जुळत नाहीत, तेथे ठिय्या देऊन बसायचे. कंपनीतील कोणी फुटलेला मनुष्य त्यांना गुपिते पुरवीत नव्हता. त्यांच्या लेखांतील माहिती प्रत्येक भागधारकाच्या टपालात आधीच येऊन पडलेली असे.

हे सारे वाचन त्यांनी हळूहळू कानांनी करायला सुरुवात केली होती. काचबिंदूने त्यांची दृष्टी जात गेली आणि पुढे ते कायद्याच्या व्याख्येने अंध ठरले. दुसऱ्या कोणी अहवाल मोठ्याने वाचून दाखवायचा आणि त्यांनी ऐकायचे. पुढील काळात त्यांची कन्या, जी स्वतःही लेखापाल होती, या कामात त्यांच्या सोबत राहिली. ज्याने कधी ताळेबंद वाचून पाहिला आहे त्याला हे किती कठीण आहे ते कळेल. डोळ्यांनी वाचणारा मागे जाऊन पाहू शकतो, दोन पाने शेजारी ठेवू शकतो. ऐकणाऱ्याला सतराव्या टीपेतील आकडा चाळिसाव्या पानापर्यंत मनात धरून ठेवावा लागतो. श्रुतपरंपरेत वाढलेल्या समाजाला या सामर्थ्याचे मोल सांगायला नको. मात्र यातून एक गंमतीची गोष्टही घडली असावी: रंगीत चित्रे आणि देखणे आलेख यांचा ज्याच्यावर काही परिणाम होणेच शक्य नाही, असा वाचक कंपन्यांना प्रथमच भेटला.

८ जुलै १९७४, सोमवार. त्या दिवशीच्या 'बॅरन्स'मध्ये मॅकडोनाल्ड्स या कंपनीवर ब्रिलॉफ यांचा लेख होता. तिचे बर्गर तिच्या हिशेबांपेक्षा रुचकर आहेत, अशा अर्थाचा टोमणा शीर्षकातच होता. आपल्या वाचकांना बर्गरच्या रुचीशी कर्तव्य नाही, हिशेबांशी आहे. कंपनीने इतरांकडून विकत घेतलेल्या उपाहारगृहांच्या बाबतीत पूलिंगचा प्रश्न होताच. त्याखेरीज आणखी एक मुद्दा होता. कंपनीचे सर्वेसर्वा रे क्रॉक यांनी १९७२ साली सत्तरीच्या निमित्ताने स्वतःच्या मालकीचे शेअर कर्मचाऱ्यांना भेट दिले होते. दानशूर कृत्य म्हणून त्याचे कौतुक झाले. ब्रिलॉफ यांनी विचारले, की कर्मचाऱ्यांनी कंपनीचे काम केले म्हणून त्यांना हे मिळाले ना? मग तो वेतनाचा खर्च कंपनीच्या वहीत का नाही? मालकाने आपल्या खिशातून पगार दिला तर कंपनीचा नफा तेवढ्याने फुगलेला दिसतो, आणि तो फुगवटा पाहून शेअर घेणाऱ्याला पुढच्या वर्षी मालक पुन्हा खिशात हात घालील अशी हमी नसते.

लेख प्रसिद्ध होताच शेअर जोराने खाली आला. हे एकदाच घडले असते तर योगायोग म्हणता आले असते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉर्ज फॉस्टर या संशोधकाने १९७९ साली 'जर्नल ऑफ अकाउंटिंग रिसर्च'मध्ये ब्रिलॉफ यांच्या लेखांचा बाजारावर झालेला परिणाम मोजला. ज्या कंपन्यांवर टीका झाली त्यांचे शेअर लेख येताच सरासरी सुमारे ८ टक्के उतरले होते आणि पुढच्या महिनाभरात ती घसरण भरून निघाली नव्हती. अर्थशास्त्राच्या पंडितांना याने कोड्यात टाकले. त्या काळी अशी दृढ समजूत होती, की जी माहिती जाहीर झाली ती बाजाराने तत्काळ पचवलेली असते. मग ज्याच्यापाशी एकही गुप्त कागद नाही अशा प्राध्यापकाने जुन्याच कागदांवर लिहिलेल्या लेखाने भाव का पडावा? या प्रश्नावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. सामान्य वाचकाला सुचणारे उत्तर असे, की छापणे आणि सांगणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. कंपनीने छापले होते. सांगितले ब्रिलॉफ यांनी.

येथे श्रावकाच्या मनात एक शंका उभी राहील आणि ती रास्त आहे. सत्याणुव्रताच्या ज्या पाच अतिचारांत कूटलेख आहे, त्यांतच रहोभ्याख्यान आणि साकारमंत्रभेदही आहेत. एकांतात घडलेले उघड करणे, कोणाच्या हावभावांवरून त्याचे मनोगत ओळखून ते जगाला सांगणे, हेही दोषच. किंबहुना ज्या सत्याने दुसऱ्याला पीडा होते ते सत्यसुद्धा बोलू नये, असे आपले आचार्य सांगतात. ब्रिलॉफ यांच्या एका लेखाने हजारो भागधारकांची पुंजी एका दिवसात घटली. त्यांत शुक्रवारीच शेअर घेतलेला एखादा निवृत्त शिक्षकही असू शकेल. त्याचे काय?

पहिल्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. रहस्य तेच, जे एकांतात विश्वासाने सोपवलेले असते. वार्षिक अहवाल हा भागधारकांना उद्देशून लिहिलेला जाहीर कागद आहे. तो मोठ्याने वाचण्यात विश्वासघात नाही. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि तो पूर्णपणे निकालात निघत नाही. शुक्रवारी शेअर घेणाऱ्याचे नुकसान झाले, हे खरेच आहे. परंतु त्याने ज्याच्याकडून घेतले त्याला शुक्रवारपर्यंत फुगलेला भाव मिळाला, हेही खरे आहे. फुगवटा ज्यांनी तयार केला त्यांची पीडा कोणाला दिसत नव्हती, कारण ती थोडी थोडी आणि अनेकांत वाटली जात होती. सोमवारी ती एकदम दिसली. शिवाय ब्रिलॉफ यांचे प्रत्येक अनुमान गुंतवणुकीचा सल्ला म्हणून खरे ठरले असेही नाही. मॅकडोनाल्ड्स पुढील दशकांत प्रचंड वाढली आणि १९७४ मध्ये घाबरून शेअर विकणाऱ्यांना मागाहून हळहळच वाटली असेल. त्यांच्या टीकाकारांना हे सांगायला आवडे. तथापि, कंपनी पुढे वाढेल की नाही हा त्यांचा विषय नव्हता. आज जे लिहिले आहे ते आज खरे आहे काय, एवढेच ते विचारीत होते.

व्यवसायबंधूंना हे रुचणे शक्य नव्हते. आपल्याच पेशातील माणसांची नावे घेऊन, त्यांनी तपासलेल्या हिशेबांवर साप्ताहिकात लिहिणे म्हणजे शिष्टाचाराचा भंग, अशी त्यांची भावना होती. ब्रिलॉफ यांच्याविरुद्ध व्यावसायिक शिस्तीच्या तक्रारीही झाल्या. १९७६ मध्ये रिलायन्स या अमेरिकन विमा कंपनीवर (भारतातील त्याच नावाच्या उद्योगसमूहाशी तिचा काही संबंध नाही) त्यांनी लिहिले. कंपनी त्याच सुमारास लोकांकडून भांडवल उभारण्याच्या तयारीत होती. तिने साप्ताहिकावर आणि ब्रिलॉफ यांच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावला. वय साठीला आलेले, दृष्टी अधू, आणि समोर गडगंज विमा कंपनी. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने १९७७ मध्ये हा दावा फेटाळला. प्रसिद्ध केलेल्या हिशेबांवर जाणकाराने प्रामाणिकपणे व्यक्त केलेले मत त्याला महागात पडू नये, हा त्या निकालाचा लाभ पुढे लिहिणाऱ्या सर्वांनाच झाला.

त्याआधी १९६९ साली आणखी एक निकाल लागला होता. त्यात ब्रिलॉफ पक्षकार नव्हते, परंतु त्यांच्या साऱ्या लेखनाचा गाभा त्या निकालात आला आहे. वस्तुविक्रीची यंत्रे बनवणारी कॉन्टिनेंटल व्हेंडिंग नावाची कंपनी होती. तिच्या अध्यक्षाने एका संलग्न संस्थेच्या आडून कंपनीचा पैसा उचलला होता. ताळेबंदाच्या टीपेत त्या कर्जाचा उल्लेख होता, तारण असल्याचाही उल्लेख होता. ते तारण बहुतांशी त्याच कंपनीचे स्वतःचे शेअर आणि रोखे होते, आणि पैसा अखेरीस अध्यक्षाच्या हाती गेला होता, हे मात्र टीपेत नव्हते. लेखापरीक्षकांवर फौजदारी खटला झाला. आठ नामवंत लेखापालांनी साक्ष दिली, की सर्वमान्य तत्त्वांनुसार याहून अधिक सांगणे आवश्यक नव्हते. न्यायालयाने ती साक्ष महत्त्वाची मानली, परंतु निर्णायक मानली नाही. नियम पाळला एवढ्याने मनुष्य निर्दोष ठरत नाही. एकूण चित्र वाचणाऱ्याची दिशाभूल करणारे होते काय, हे पाहावे लागेल. शिक्षा कायम झाली. न लिहिलेल्या दोन ओळींसाठी ती शिक्षा होती.

१९७० मध्ये अमेरिकेच्या लेखातत्त्व मंडळाने पूलिंगला बारा अटी घातल्या. अठरा सदस्यांच्या मंडळात तो ठराव बारा विरुद्ध सहा मतांनी, म्हणजे काठावर, संमत झाला. पूलिंग सर्वस्वी बंद करण्याचे धाडस मंडळाला झाले नाही, आणि बारा अटींत आपला व्यवहार बसवून देणारे हुशार सल्लागार लवकरच तयार झाले. ब्रिलॉफ लिहीत राहिले. १९७२ मध्ये त्यांचे 'अनअकाउंटेबल अकाउंटिंग' हे पुस्तक आले, १९७६ मध्ये 'मोअर डेबिट्स दॅन क्रेडिट्स' आणि १९८१ मध्ये 'द ट्रुथ अबाउट कॉर्पोरेट अकाउंटिंग'. १९७७ मध्ये अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने लेखापालांच्या व्यवसायाची झाडाझडती घेतली, तेव्हा त्यांनी तेथेही साक्ष दिली. त्यांची भाषा कधी कधी नको तितकी अलंकारिक आणि बोचरी होई. बायबलातील दाखले, श्लेष, टोमणे यांची त्यांत रेलचेल असे. वचनगुप्तीच्या कसोटीवर त्यांतील काही वाक्ये टिकणार नाहीत. मात्र आकड्यांच्या बाबतीत त्यांना खोडून काढणे प्रतिपक्षाला सहसा जमले नाही.

आणि ते थकले नाहीत. २००० च्या ऑक्टोबरात, त्र्याऐंशी वर्षांचे असताना, त्यांनी 'बॅरन्स'मध्ये सिस्को या त्या वेळच्या सर्वांत गाजलेल्या संगणक-जाळे कंपनीवर लेख लिहिला. मुद्दा तोच, १९६७ सालचा. सिस्कोने शेअर देऊन ज्या कंपन्या घेतल्या, त्यांची खरी किंमत तिच्या वहीत कोठे आहे? त्या वेळी तंत्रज्ञान कंपन्यांचे चालक अमेरिकन काँग्रेससमोर जाऊन सांगत होते, की पूलिंग बंद केली तर नवउद्योग मरतील. जून २००१ मध्ये लेखामानक मंडळाने पूलिंग रद्द केली. पहिल्या लेखानंतर चौतीस वर्षांनी. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉन बुडाली, आणि तिच्या अहवालातील संलग्न संस्थांविषयीच्या गूढ टीपा लोक नव्याने वाचू लागले.

ब्रिलॉफ १२ डिसेंबर २०१३ रोजी वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी निवर्तले.

भारतात ही पद्धत १९९४ सालच्या चौदाव्या लेखामानकाने मान्य केली होती. पाच अटी पूर्ण झाल्या की विलीनीकरण पूलिंगने नोंदता येत असे. एप्रिल २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने नवी भारतीय लेखामानके लागू झाली आणि त्यांतील १०३ क्रमांकाच्या मानकाने सर्वसाधारण व्यवहारांत पूलिंगचे दार बंद केले. एक दार उघडे आहे. ज्या कंपन्या आधीपासून एकाच मालकाच्या किंवा एकाच कुटुंबाच्या ताब्यात आहेत, त्यांचे आपसांतील विलीनीकरण आजही पूलिंगनेच, म्हणजे जुन्याच वहीकिमतींनी नोंदायचे असते. त्याला कारणही आहे: मालकाने एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकले, तर नवी किंमत कोणी ठरवायची? परंतु आपल्याकडच्या पुष्कळ नोंदणीकृत कंपन्या कुटुंबांच्या ताब्यात आहेत, आणि त्यांत मालकांखेरीज इतरही लहान भागधारक असतात. घरातली खाजगी कंपनी अशा नोंदणीकृत कंपनीत विलीन होते, तेव्हा त्या बदल्यात घराला किती शेअर दिले गेले, हे त्यांना कळणे महत्त्वाचे असते.

ती माहिती वार्षिक अहवालात असते. दिवाळीच्या सायंकाळी नव्या वहीवर गौतम गणधरांचे नाव लिहिणाऱ्या घरांतही असे अहवाल हल्ली ईमेलने येतात. छायाचित्रांनंतर, अध्यक्षांच्या पत्रानंतर, बऱ्याच पुढे, विलीनीकरण या शीर्षकाखालच्या एखाद्या टीपेत, बारीक टाइपात.